मोडेम बदलायच्या आधी वायर बघा

पाऊस सुरू झाला की या सदराला येणारी पत्रं बदलतात. एरवी मोबाईलची बॅटरी, प्रिंटर, पेन ड्राईव्ह असं काहीबाही असतं, पण जून-जुलैत बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची, नेट जातंय. आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून केबलचं जुनं मोडेम आहे, टीव्हीच्या केबलसारखी काळी जाड वायर मागे स्क्रू करून लावतात ते. मी वीस वर्षं मुंबईत केबलच्या लाईनवर काम केलंय, गच्च्या चढलोय, डक्टमध्ये उतरलोय, त्यामुळे ही पत्रं वाचताना ती वायर कुठून कुठे आली असेल हे मला दिसतंच. म्हणून या वेळी सगळा अंक यालाच दिला.

प्रश्न : काका, आमच्याकडे केबलचं नेट आहे, मोडेम २०१५ चा. दोन महिन्यांपासून दिवसातून आठ-दहा वेळा नेट जातं, पाच मिनिटांनी आपोआप येतं, पाऊस असला की जास्त. मुलगा घरून काम करतो, मीटिंग चालू असताना गेलं की तो वैतागतो आणि मग घरात सगळ्यांचाच मूड जातो. केबलवाला म्हणतो मोडेम जुना झाला, अडीच हजार द्या, नवा लावतो. घेऊ का?
— एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : थांबा, पैसे देऊ नका अजून. मोडेम जुना आहे हे खरं पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, 'पाऊस असला की जास्त'. मोडेम तुमच्या हॉलमध्ये कोरड्यात बसलाय, बाहेर पाऊस आहे की ऊन हे त्याला कळायचं काही कारण नाही, पाऊस लागतो तो गच्चीवरून भिंतीला धरून खाली आलेल्या वायरला. त्यामुळे माझा पहिला संशय वायरवर, आणि नुसता संशय घेऊन भागत नाही म्हणून तो तपासायचा कसा ते सांगतो, यातलं बरंचसं तुम्ही घरबसल्या करू शकता.

नेट जाईल तेव्हा लगेच मोडेम बंद-चालू करू नका, आधी जाऊन त्याच्याकडे नीट बघा. सगळे दिवे एकदम विझून पहिल्यापासून लुकलुकायला लागले तर मोडेम स्वतःच बंद पडून परत चालू होतोय, म्हणजे करंटचा प्रॉब्लेम. पॉवरचा दिवा शांत आहे आणि फक्त ऑनलाईनचा दिवा लुकलुकतोय तर मोडेम ठीक आहे, त्याला बाहेरून सिग्नल मिळत नाहीये. आणि सगळे दिवे छान स्थिर पण फोनवर मात्र नेट नाही, तर मग वायफाय बघायचं किंवा मोडेमच्या फार पुढे, कंपनीकडे काहीतरी झालंय. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिघांचे इलाज वेगळे, पण घरात आपण तिन्हीला 'नेट गेलं' एवढंच म्हणतो आणि तिन्हीला एकच औषध देतो, स्विच बंद कर चालू कर.

करंटचा प्रॉब्लेम निघाला तरी मोडेम फेकायची घाई नको. जुन्या मोडेमचा अडॉप्टर आधी थकतो. त्याच्या आत जे कपॅसिटर असतात ते वर्षानुवर्षं गरम होऊन सुकतात, मग अडॉप्टर वर १२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी लोड आला की तेवढे देत नाही आणि मोडेम मधेच दम टाकतो. अडॉप्टरला हात लावून बघा, नुसता कोमट असेल तर ठीक, हाताला चटका बसत असेल तर बदला. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, पिनचा प्लस-मायनस जुळला पाहिजे. लॅमिंग्टन रोडला जुना अडॉप्टर दाखवला की जुळणारा देतात, नवीन मोडेमच्या मानाने किरकोळ खर्च आहे. मोडेमसुद्धा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नका, त्याला हवा लागते.

तुमच्याबाबतीत मला करंटचं वाटत नाही, पण खात्री करायला एक सोपी सोय आहे. मुलाच्या लॅपटॉपला मोडेमची लॅन वायर लावा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका, बहुतेक केबल मोडेमचं स्वतःचं पान या पत्त्यावर उघडतं, त्यासाठी नेट चालू असायची पण गरज नाही. तिथे अपटाइम दिसतो, म्हणजे मोडेम किती वेळ न थांबता चालू आहे. दिवसातून आठ वेळा नेट गेलं आणि अपटाइम मात्र चार दिवस दाखवतोय तर मोडेम एकदाही बंद पडलेला नाही, गेला तो सिग्नल, केबलवाल्याशी बोलताना हे एक वाक्य पुरेसं आहे.

त्याच पानावर सिग्नलचे आकडे असतात, ते घाबरून सोडून देऊ नका, तीनच बघायचेत. डाऊनस्ट्रीम पॉवर, म्हणजे तुमच्याकडे येणारा सिग्नल किती जोरात येतोय, हा उणे ७ ते अधिक ७ मध्ये असला तर उत्तम, उणे १५ ते अधिक १५ पर्यंत मोडेम चालतो पण काठावर असला की पावसाच्या एका सरीत काठावरून खाली पडतो. दुसरा एसएनआर, सिग्नल आणि गोंगाट यातलं अंतर, तो ३३ च्या वर हवा, ३० च्या खाली गेला की त्रास सुरू. तिसरा अपस्ट्रीम पॉवर, तुमचा मोडेम कंपनीकडे किती ओरडून बोलतोय, ३५ ते ४८ च्या दरम्यान बरं, ५० च्या वर गेलं की समजा बिचारा जीव तोडून ओरडतोय आणि पलीकडे नीट ऐकू जात नाहीये. हे आकडे कोरड्या दिवशी एकदा लिहून ठेवा आणि भरपूर पाऊस पडताना एकदा लिहा. दोन्हीत मोठा फरक आला तर अडीच हजाराच्या मोडेमने काही होणार नाही, नवा मोडेमही त्याच ओल्या वायरला लागणार आहे.

आता वायरीत पाणी शिरून होतं काय ते सांगतो. आपल्याकडची ही वायर आरजी-६, मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर ॲल्युमिनियमची पन्नी आणि जाळी, आणि वर काळं आवरण. सगळं गणित ७५ ओहमवर बसवलेलं असतं. टोकाची पिन नीट दाबलेली नसेल किंवा आवरणाला चीर पडली असेल तर पाणी आत जातं आणि जाळीतून खाली उतरत राहतं, एखाद्या वातीसारखं, मग ७५ ओहमचं गणित बिघडतं, सिग्नल पुढे जायच्या ऐवजी मागे फिरतो. पाणी सुकलं तरी गंज राहतोच, मधली तार हिरवट पडते, ॲल्युमिनियमच्या जाळीची पांढरी पूड होते. वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा समुद्राजवळच्या ठिकाणी तर खाऱ्या हवेने पाऊस नसतानासुद्धा हे होतं, मी तिथे दोन वर्षं जुन्या पिना बोटाने चुरगाळल्यात. खिडकीच्या ग्रिलमधून वायर आत येते तिथे बघा, ती बाहेरून उतरत सरळ आत शिरलेली असेल तर पाणी वायरीवरून घरंगळत थेट आत येणार, म्हणून आत शिरायच्या आधी वायरीचा खाली एक झोळ सोडायचा असतो, पाणी झोळाच्या तळाला येऊन टपकून जातं. एवढं साधं काम, पण घाईत कुणी करत नाही.

अजून एक गोष्ट घरात बघा, स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचा सिग्नल दोन-चार वायरींत वाटणारी छोटी डबी. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२ पासून सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्या आधी आतल्या खोलीतला दुसरा टीव्ही चालावा म्हणून घरोघरी स्प्लिटर लावलेले असायचे. आता तो टीव्ही कधीच भंगारात गेला, पण स्प्लिटर टीव्हीच्या मागे धूळ खात तसाच आहे आणि मोडेमचा सिग्नल त्याच्यातूनच येतोय. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साधारण साडेतीन डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीचं माप) खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद गेली, चार तोंडांचा असला तर सात डीबी. नको असेल तर काढून टाका. लागतच असेल तर त्यावर ५-१००० एमएचझेड लिहिलंय का बघा, आणि रिकाम्या तोंडाला ७५ ओहमची टोपी लावून घ्या. आणि मधे कुठे टीव्हीचा जुना बूस्टर असेल तर तो आधी काढा, बरेच जुने बूस्टर सिग्नल एकाच दिशेने जाऊ देतात, टीव्हीला चालतं पण मोडेमला उलटं बोलायचं असतं ना.

एक जुनी गोष्ट सांगतो म्हणजे वेळ लिहून ठेवायला मी का सांगतोय ते कळेल. परळच्या एका चार मजली बिल्डिंगमध्ये एक बाई राहायच्या, शाळेत शिक्षिका. त्यांचं नेट रोज जायचं. तीन मोडेम बदलले, त्यातले दोन मीच बदलले, घरातली वायर बदलली, काही फरक नाही. शेवटी त्या बाईंनी काय केलं, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नेट कधी गेलं ती वेळ रोज लिहायला लागल्या, शिक्षिका असल्यामुळे नीट रकाने आखून. पंधरा दिवसांनी मला दाखवलं तर रोज सकाळी सहा पन्नास ते सव्वासातच्या मधे. मी विचारलं या वेळेला बिल्डिंगमध्ये काय होतं, तर म्हणाल्या पाणी येतं, पंप चालू होतो. मी दुसऱ्या दिवशी साडेसहाला गच्चीवर जाऊन उभा राहिलो. टाकी भरली, ओव्हरफ्लो झाली, आणि ते पाणी बरोबर आमच्या उघड्या स्प्लिटरवर पडायला लागलं. पन्नास रुपयांचा डबा लावला आणि प्रॉब्लेम संपला. मोडेम तीनही चांगले होते. त्या दिवसापासून मी कुणाच्याही घरी गेलो की आधी विचारतो, कधी जातं, किती वाजता, तेव्हा बाहेर काय चालू असतं.

तर तुम्ही आठवडाभर वेळा लिहा, सोबत पाऊस होता का ते लिहा, आकडे लिहा आणि मग केबलवाल्याला बोलवा. त्याला म्हणा, भाऊ आधी गच्चीवरच्या टॅपपासून, म्हणजे मेन लाईनमधून माझी वायर निघते त्या डबीपासून, माझ्या खिडकीपर्यंतच्या दोन्ही टोकांच्या पिना नव्या मार, मीटर लावून टॅपवरचा आणि घरातला आकडा मला दाखव. दोन्ही ठिकाणी चांगला आकडा आला, अडॉप्टर बदलून झाला, आणि तरी मोडेम बंद पडतोय, तर मग खुशाल नवा घ्या, त्यात वाईट काही नाही. फक्त बाजारातून स्वतः आणायचा असेल तर आधी कंपनीला विचारा कुठलं मॉडेल चालतं, कारण केबल मोडेमचा मॅक नंबर, म्हणजे प्रत्येक मोडेमचा स्वतःचा ओळख क्रमांक, कंपनीच्या सिस्टिममध्ये चढवावा लागतो, तो चढवला नाही तर कितीही भारी मोडेम असू दे, नुसता लुकलुकत बसेल.

प्रश्न : मी रोज सकाळी मोडेमच्या मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट करतो, त्याने दिवसभर बरं चालतं. हे वाईट आहे का?
— एक वाचक, दादर

उत्तर : हो दादा, टाचणी बंद करा. त्या भोकाने मोडेमची सगळी सेटिंग पुसली जाते, वायफायचं नाव-पासवर्ड सगळं फॅक्टरीतून आल्यासारखं होतं, आणि जे मोडेम फॅक्टरीच्या पासवर्डवर चालतं त्यात शेजारचा कुणीही घुसू शकतो. बंद करायचंच असेल तर अडॉप्टर काढा, तीस सेकंद थांबा, लावा. पण रोज बंद-चालू केल्याशिवाय चालत नाही म्हणजे कुठेतरी बिघाड आहे. मोडेमच्या पानावर लॉग नावाचा भाग असतो, तिथे टी-३ किंवा टी-४ टाइमआउट अशा ओळी सारख्या दिसतात का बघा. टी-३ म्हणजे मोडेमने वरती विचारलं आणि उत्तर आलं नाही, टी-४ म्हणजे तीस सेकंद वरून त्याची विचारपूसच झाली नाही. एखाददुसरी ओळ दिसली तर सोडून द्या, ओळीने वीस-पंचवीस दिसल्या तर फोटो काढा आणि तक्रारीला जोडा.

प्रश्न : प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, पैसे १०० चे भरतो, पण ४० च्या वर कधी गेलंच नाही. कस्टमर केअर म्हणतं आमच्याकडून १०० जातायत. खोटं बोलतात का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : खोटं बोलत असतीलच असं नाही, तुमच्या मोडेमवरचा स्टिकर वाचा आधी. केबल मोडेमची भाषा असते तिला डॉक्सिस म्हणतात, पहिली १९९७ ला आली, २.० आली २००१ ला, ३.० आली २००६ ला आणि ३.१ आली २०१३ ला. २.० चा मोडेम खाली येताना एकाच चॅनेलवर काम करतो आणि एका चॅनेलची मजल ३८ पर्यंत, रुंद चॅनेल असेल तर ५० च्या आसपास. तुमचे ४० कुठून आले ते कळलं ना? कंपनी रस्ता मोठा करून देते पण तुमच्या दाराची रुंदी तेवढीच. ३.० मध्ये चार-आठ चॅनेल एकत्र बांधता येतात म्हणून त्यात १०० आरामात बसतात. मुलुंडच्या वाचकांना मी मोडेम घेऊ नका म्हटलं पण तुम्हाला सांगतो, स्टिकरवर २.० असेल तर बदला, आणि कंपनीचाच मोडेम असेल तर त्यांनीच बदलून द्यावा असं हक्काने सांगा, १०० चा प्लॅन २.० च्या मोडेमवर विकायलाच नको होता.

स्टिकरवर ३.० निघालं तर मग लॅन वायरने स्पीड टेस्ट करा. वायरने ९४-९५ आले आणि फोनवर ४० तर दोष वायफायचा, तुम्ही बहुतेक वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीवर आहात. गिरगावच्या चाळीत एका मजल्यावर किती वायफाय आहेत मोजून बघा, २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न पडणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, त्यात सगळी चाळ बसलीय. फोन ५ गिगाहर्ट्झला जोडा, भिंतीपलीकडे ते कमी पोचतं पण एका खोलीत छान चालतं. अजून एक, डाऊनलोडच्या खिडकीत ११-१२ दिसले म्हणून घाबरू नका, तिथे मेगाबाइट असतात, एका बाइटचे आठ बिट, म्हणजे साडेबाराला आठने गुणलं की तुमचे १०० झाले.

प्रश्न : आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, मोडेम इन्व्हर्टरवर आहे. तरी शेजारच्या बिल्डिंगची लाईट गेली की आमचं नेट जातं. आमची लाईट असते!
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : कारण तुमच्या लाईनचा ॲम्प्लिफायर शेजारच्या बिल्डिंगच्या मीटरवर आहे. गच्चीवर किंवा जिन्याच्या वर एक चौकोनी धातूचा डबा असतो, लांबून आलेला थकलेला सिग्नल तो पुन्हा ताकद देऊन पुढे पाठवतो आणि त्याला करंट लागतो, तो केबलवाला ज्या सोसायटीशी ओळख असेल तिथून घेतो. तिथली लाईट गेली की तुमच्या लाईनीचा श्वास थांबला. तुमच्या घरात काहीही करून उपयोग नाही. चार-पाच घरं मिळून केबलवाल्याला त्या डब्याला बॅटरी लावायला सांगा, एकट्याचं ऐकत नाहीत पण सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र गेलं की ऐकतात.

प्रश्न : बिल्डिंगमध्ये फायबर आलंय. केबल मोडेम सोडून तिकडे जावं का? बारा वर्षांचे संबंध आहेत केबलवाल्याशी, वाईट वाटतं.
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : जा. मी केबलच्या लाईनवर आयुष्य घालवलंय, मलाही ती वायर जवळची आहे, पण काचेच्या तारेला गंज लागत नाही आणि पाण्याने तिचं ओहमचं गणित बिघडत नाही, मुंबईच्या हवेत हा फार मोठा फरक आहे. शिवाय वर पाठवायचा स्पीड चांगला मिळतो, केबलमध्ये तो कायम सावत्र राहिला.

एक मात्र सही करायच्या आधी विचारून घ्या, फायबर माझ्या घरात येणार की फक्त गच्चीपर्यंत? खूप ठिकाणी फायबर गच्चीवरच्या डब्यापर्यंत असतं आणि तिथून खाली साधी लॅन वायर सोडतात. ती वायर पुन्हा पावसात, तो डबा पुन्हा कुणाच्या तरी मीटरवर, आणि वीज कडाडली की त्या डब्यातले पोर्ट जळतात. घरात पिवळी किंवा काळी बारीक तार येऊन छोट्या डब्याला लागली पाहिजे तर ते खरं. आणि ती तार कपाटाच्या मागे काटकोनात दाबू नका, फायबरला पाणी चालतं, पण मुरड चालत नाही. डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला की उजेड पोचत नाहीये असं समजा. केबलवाल्याचं म्हणाल तर आता बरेच केबलवाले स्वतःच फायबर देतात, आधी त्यालाच विचारा, बारा वर्षांच्या ओळखीत तो पिन नीट मारून देईल.

प्रश्न : तीन वेळा तक्रार केली, तिन्ही वेळा 'आपली तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला आणि कुणी घरी आलंच नाही. पुढे काय करायचं? ट्रायला लिहू का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, हे वाचून राग येतो, तुमचा वेळ आणि पैसे दोन्ही जातात आणि वर सोडवलं म्हणून मेसेज. ट्राय, म्हणजे टेलिफोन-नेट कंपन्यांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथे लिहून वाट बघत बसू नका. रस्ता असा आहे, प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मागा, फोनवर दिला तर तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. तक्रार न सोडवता बंद केली तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं, त्याला फी नाही, पत्ता आणि ईमेल कंपनीच्या वेबसाईटवर असतो. अपील तीस दिवसांच्या आत करा. त्यात रडगाणं नको, तीन डॉकेट नंबर, तीन तारखा, नेट गेल्याच्या वेळा आणि मोडेमच्या पानाचे फोटो एवढंच घाला. आकड्यांसमोर 'तुमचा मोडेम जुना आहे' हे उत्तर टिकत नाही. आणि लक्षात ठेवा, जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला कमीत कमी २ एमबीपीएस लागतात, आधी ५१२ केबीपीएस होतं, त्याच्या खाली जात असेल तर स्पीड टेस्टचे फोटो जरूर जोडा.

प्रश्न : मी एकटी असते, वय बहात्तर. नात बाहेरदेशी आहे, रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करते. मला ती छान दिसते, पण तिला मी अडकत अडकत दिसते, आवाज तुटतो. सिनेमा वगैरे मला व्यवस्थित दिसतो म्हणून केबलचा मुलगा म्हणतो आजी तुमचं नेट ठीक आहे. परत परत बोलवायला संकोच वाटतो.
— एक आजी, विलेपार्ले

उत्तर : आजी, संकोच अजिबात करू नका, तुम्ही दर महिन्याला पैसे भरता. आणि तुम्ही फार अचूक लिहिलंय, त्या मुलाच्या लक्षात आलं नाही ते तुमच्या दोन ओळींत आहे. तुम्हाला ती नीट दिसते म्हणजे खाली येणारा रस्ता चांगला. तिला तुम्ही अडकता म्हणजे वर जाणारा रस्ता खराब. सिनेमा फक्त खाली येतो, त्यामुळे सिनेमा चालतो यावरून काहीच सिद्ध होत नाही.

केबलमध्ये वर जाणारा रस्ता खूप अरुंद असतो आणि खालच्या पट्टीत असतो, ५ पासून साधारण ४२ किंवा ६५ मेगाहर्ट्झपर्यंत, घरातल्या मोटरी, मिक्सर, खराब चोक, या सगळ्यांचा गोंगाट नेमका याच पट्टीत येतो. पिन घट्ट असेल तर तो वायरीत शिरत नाही, सैल असेल तर शिरतो. आणि यातली खरी गंमत नव्हे खरी अडचण अशी की खाली येणारा सिग्नल झाडाच्या फांद्यांसारखा वाटला जातो पण वर जाणारा नाल्यांसारखा एकत्र येतो, सगळ्या बिल्डिंगचा गोंगाट एकाच ठिकाणी जमा होतो. म्हणजे तुमच्या घरी सगळं नीट असलं तरी तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या सैल पिनेमुळे तुमचा आवाज तुटू शकतो. रात्री नऊला सगळे घरी, सगळ्यांचं सगळं चालू, म्हणून त्याच वेळी जास्त.

तुम्ही स्वतः एकच करा, मोडेमच्या मागची स्क्रूची पिन हाताने उजवीकडे फिरवून घट्ट करा, पक्कड नको, बोटांनी बसेल तेवढीच. आणि कॉलच्या वेळी फोन मोडेमच्या खोलीतच ठेवा. बाकीचं त्या मुलाचं काम. त्याला हे पान दाखवा आणि म्हणा, माझा अपस्ट्रीम पॉवर किती आहे ते बघ, ५० च्या वर असेल तर माझ्या पिना आणि स्प्लिटर बदल, आणि तो नीट असेल तर गच्चीवर एकेका घराची वायर काढून गोंगाट कुठून येतोय ते शोध. त्याला हे करता येतं, आम्ही सगळ्यांनी हे केलंय, तासाभराचं काम आहे. आणि त्याला दुपारी बोलवू नका, रात्री पावणेनऊला बोलवा, दुपारी येऊन तो पुन्हा ठीक आहे म्हणून जाईल. तो असतानाच नातीला कॉल लावा, आणि मी नीट दिसते असं ती म्हणेपर्यंत त्याला जाऊ देऊ नका.